‘कर्टली’ म्हणजे ‘थोडक्यात’ नव्हे

मा. संपादक,
स.न.

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की इंग्रजी बातम्या घाईघाईने मराठीत येतात. मूळ बातमीत मंत्री ‘रिप्लाइड कर्टली’ असतात. मराठीत ते ‘थोडक्यात उत्तर दिले’ होऊन जाते. याने अर्थच बदलतो.

‘कर्ट’चे मूळ लॅटिन ‘कुर्टुस’, म्हणजे कापून तोकडे केलेले. शब्द कमी असतातच, पण समोरच्याशी बोलणे वाढवायचे नाही हेही त्यात उघड दिसते. आपला ‘तुटकपणे’ इथे चपखल बसतो. ‘थोडक्यात’साठी इंग्रजीत ‘ब्रीफली’ आहे, त्यात नाराजीचा लवलेश नसतो. वेळ कमी म्हणून मंत्र्यांनी दोन वाक्यांत माहिती दिली, तर ते ब्रीफली. प्रश्न पुरा होण्याआधीच ‘चौकशी सुरू आहे’ एवढे म्हणून ते गाडीत बसले, तर कर्टली.

काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन ‘दरडावून’ लिहितात. तो सूर ‘स्टर्नली’चा. फटकळपणे म्हणजे ‘ब्लंटली’. फटकळ माणूस तासभरही बोलेल, तुटक बोलणारा नाही. खरा फसवा शब्द ‘टर्सली’. त्यात शब्द मोजके असतात, रुक्षपणा मात्र कधी असतो, कधी नसतो. मागचीपुढची वाक्ये वाचल्याशिवाय त्याचे भाषांतर करूच नये. ‘नॉडेड कर्टली’ला तर ‘तुटकपणे’ही चालत नाही. तिथे ‘जेमतेम मान हलवली’ असेच लिहावे लागते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची चूक वेगळी. ‘ही साउंडेड कर्टली’ हे वाक्य अशुद्ध आहे. साउंड, सीम, लुक या क्रियापदांचा असा वापर कर्त्याचे वर्णन करतो, म्हणून पुढे विशेषण येते: ‘ही साउंडेड कर्ट’. तसेच हे क्रियाविशेषण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये घुसवू नये. ‘ही कर्टली रिफ्यूज्ड दी ऑफर’ बरोबर, ‘ही रिफ्यूज्ड कर्टली दी ऑफर’ चूक.

बातमीत हा शब्द जपून हाताळायला हवा, कारण वक्त्याचा सूर कसा होता हा बातमीदाराचा निष्कर्ष असतो. तो सौम्य केला तर वाचकाची दिशाभूल होते, वाढवला तर वक्त्यावर अन्याय. उपसंपादकांना विनंती, की शंका असेल तेव्हा नुसते ‘म्हणाले’ लिहावे आणि वक्त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यावेत.

– इंग्रजीचे एक शिक्षक, धरमपेठ, नागपूर