वसंता, स्कॅनच्या आधी एवढं वाच

नाशिक, रविवार

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

वहिनींनी रिपोर्ट पाठवले. प्रोस्टेटच्या कॅन्सरची गाठ हाडांत पसरलेली नाही हे वाचलं आणि जिवात जीव आला. परवा फोनवर तू म्हणालास की शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायची भीती नाही, पण नंतर लघवी-संडासाचे हाल होतील त्याची वाटते. मी त्यातून गेलोय, म्हणून बसून सविस्तर लिहितोय.

पुढच्या आठवड्यात तुझा प्लॅनिंगचा सीटी स्कॅन आहे. त्याला किरकोळ समजू नकोस, कारण त्या अर्ध्या तासात पोटाच्या आत जी स्थिती असेल, तिच्यावरच सगळ्या सिटिंगचा आराखडा आखतात. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय असतं आणि मागे अगदी चिकटून गुदाशय. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि मूत्राशयाचाही बराचसा भाग किरणांच्या बाहेर राहतो. गुदाशयात मळ किंवा गॅस असला तर प्रोस्टेट जागचं हलतं, आणि गुदाशयाची पुढची भिंत नको तेवढी किरणांत येते. म्हणून मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ, हे स्कॅनच्या दिवशीही हवं आणि नंतर रोज तसंच हवं.

आमच्या तिथे दुपारभर बाकावर आम्ही म्हातारे पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन ओळीने बसलेले असायचो. आधी लघवी करून यायचं, मग टेक्निशियन सांगेल तेवढं पाणी प्यायचं, माझ्या वेळी अर्धा लिटर होतं, आणि पाऊणएक तास थांबायचं. मशीन अडलं आणि नंबर लांबला की जीव नकोसा व्हायचा. शेजारचे सिन्नरचे काका लाजेपायी कुणाला काही न सांगता घामाघूम होऊन बसायचे. तू तसं करू नकोस. सरळ उठून टेक्निशियनला सांग. लघवी करून पुन्हा पाणी पिऊन बसायला ते नाही म्हणत नाहीत. रोज किरण सोडण्याआधी ते आतलं चित्र बघतातच. पोटात गॅस दिसला तर टेबलावरून उतरवून फेरी मारायला लावतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ते तुझ्या गुदाशयासाठीच चाललेलं असतं.

गॅसचं म्हणशील तर तेवढे आठवडे हरभरा, राजमा, वाटाणे, कोबी-फ्लॉवर आणि सोडा बंद. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, ताक यावर राहा. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल आत्तापासून सुरू कर, डॉक्टरांना विचारून. चहा कमी कर, कॉफी नकोच, कारण दोन्हींनी लघवीची घाई वाढते. मात्र रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी तोडणारे मी पाहिलेत. त्याने लघवी गडद होऊन जळजळ वाढतेच. पाणी दिवसा भरपूर पी, झोपण्याआधी दोन तास कमी कर.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्रास सुरू होईल: वारंवार लघवी, धार बारीक, थोडी आग, कधी चिकट शौच. बहुतेकांचा हा त्रास शेक संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. पण तो मुकाट्याने सोसायचा नसतो. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने धार सुटते, जुलाबावर औषध आहे. आठवड्याच्या भेटीत डॉक्टर 'कसं काय?' विचारतात आणि आपण 'बरंय' म्हणून उठतो. तू रात्री किती वेळा उठलास, शौच कशी होती, हे वहीत लिहून ने. तुला डायबेटिस आहे, त्यामुळे त्रास रेंगाळण्याची शक्यता जास्त असते. साखर ताब्यात ठेव आणि तंबाखू आजपासून सोड.

तुझा ग्लीसन, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, ८ म्हणजे वरचा आहे, तेव्हा ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही शेक द्यायचा का, हा प्रश्न निघेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २२४ रुग्णांवर याचाच अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथींना शेक दिलेल्यांचा आजार जास्त चांगला ताब्यात राहिला, पण पुढे लघवीच्या तक्रारीही जास्त झाल्या. माझं मत विचारशील तर त्रास वाचवायला आजाराला सूट देऊ नकोस. पण दोन्ही बाजू डॉक्टरांकडून नीट समजून घे. प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यात जेल भरून सेंटीमीटरभर अंतर करतात, तेही विचार. ते साधारण सहा महिन्यांत आपोआप विरघळतं. महाग आहे आणि सगळ्यांना चालत नाही.

शेकाच्या जोडीला पुरुषी हॉर्मोन दाबणारं इंजेक्शन देतील, त्याने अंगातून वाफा येतील, गळून गेल्यासारखं होईल, हाडं ठिसूळ होतात. हाडांची घनता तपासून घे. थकवा आला तरी रोज चाल. चालण्याने थकवा कमी होतो हे अभ्यासांत दिसलंय आणि मी अनुभवलंय. शरीरसंबंधांवरही परिणाम होतो, काही अंशी इंजेक्शनमुळे लगेच, काही अंशी शेकामुळे वर्ष-दोन वर्षांनी. वहिनींशी आधीच बोल आणि डॉक्टरांनाही विचार, यावरही उपचार आहेत. फक्त छातीत दुखण्यावरची सॉर्बिट्रेट घेत असशील तर मित्राने सांगितलेली ताठरतेची गोळी चुकूनही घेऊ नकोस, रक्तदाब धोकादायक उतरतो.

एक गोष्ट आत्ताच डायरीत लिहून ठेव. पुढे वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त दिसलं तर घाबरू नकोस, पण दाखव नक्की. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आधी सांग की प्रोस्टेटला शेक घेतलाय. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा अशा वेळी सहसा काढत नाहीत, जखम भरत नाही आणि भगंदर होऊ शकतं.

आणि हो, मशीनचा शेक अंगात साठून राहत नाही. नातीला खुशाल मांडीवर घे.

रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर तिचं नाव कळव, आणि स्कॅनची वेळही. सुट्टी टाकून येतो, विचारायचे प्रश्न एका कागदावर मिळून लिहू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर