हौद्याआधी केबिन बघ

प्रिय बाळा,

परवा फोनवर तुझी घाई चालली होती आणि मागे तुझी छोटी रडत होती, म्हणून म्हटलं, शांतपणे लिहूनच कळवावं. तुझ्या रोपांच्या धंद्यासाठी तू दोन पिकअप निवडून ठेवल्या आहेस. एक सिंगल केबिनची, म्हणजे सीटची एकच रांग, लांब हौद्याची (हौदा म्हणजे मागची माल ठेवायची जागा), मोठ्या डिझेल इंजिनाची. दुसरी डबल केबिनची, म्हणजे सीटच्या दोन रांगांची, आखूड हौद्याची, लहान टर्बो पेट्रोलची. तुझा कल पहिलीकडे आहे, आणि त्याचं कारण तू दिलंस ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. तू म्हणालीस, "आई, तू १९ वर्षं सिंगल केबिनच चालवलीस ना? मग मला का नको?"

तुझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे, ती त्याच सिंगल केबिनची आहे. तू साडेतीन वर्षांची होतीस. बाबा खिडकीशी, मी स्टिअरिंगवर आणि तू आमच्या मध्ये. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता, नुसता कमरेचा होता, आणि तोही तुला सैल व्हायचा. वळणावर एक कुत्रं आडवं आलं. मागे कुंड्या भरलेल्या, त्यामुळे मी ब्रेक जरा जोरातच दाबला. गाडी थांबली, पण तुझं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. चार टाके पडले. त्यानंतर आम्ही तिघं त्या गाडीत एकत्र कधीच बसलो नाही. कुणीतरी एक जण घरी थांबायचं. तुला आठवत असेल, शाळेच्या कार्यक्रमांना कधी मी यायचे, कधी बाबा. तुला वाटायचं आम्हाला काम असतं. काम असायचंच, पण गाडीत जागा नसायची हेही खरं होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की हौदा किती लांब हे नंतर बघ. आधी केबिनमध्ये रोज कोण बसणार, ते ठरव. इंजिन, टायर, पाटे (मागचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा), हौद्याचं झाकण या सगळ्यांबद्दल पुढे काही ना काही करता येतं. केबिन मात्र एकदा घेतली की गाडी विकेपर्यंत तीच.

छोटी दोन वर्षांची आहे. तिची लहान मुलांची सीट अजून मागे तोंड करून लावायची आहे. अशी सीट समोरच्या चालू एअरबॅगपुढे कधीही ठेवायची नसते, कारण एअरबॅग उघडताना सीटच्या पाठीवर थेट आदळते आणि तिथेच तर मुलाचं डोकं असतं. काही सिंगल केबिन गाड्यांत ती एअरबॅग बंद करायची किल्ली असते, काहींत नसते. असली तरी ती रोज आठवणीनं फिरवायची, आणि मोठं माणूस बसलं की परत चालू करायची. सकाळच्या गडबडीत हे एक दिवस चुकेल गं. मला तो एक दिवस नको आहे.

मधला पर्याय म्हणून विकणारे तुला एक्स्ट्रा केबिनही दाखवतील. छोट्या पिकअपमध्ये ही सोय जुनी आहे, डॅटसन ६२० या पिकअपला १९७७ मध्ये 'किंग कॅब' आली तेव्हापासूनची. पुढच्या सीटमागे थोडी जागा, बऱ्याच गाड्यांत घडीच्या छोट्या सीट. कुठे कुठे मागची अर्धी दारं उलटी उघडतात, आणि तीही पुढचं दार उघडल्यावरच. अवजारं, पावसात भिजू नये असा माल, कागदपत्रांची पिशवी यांना ती जागा सोन्यासारखी आहे. एकट्यानं किंवा दोघांनी काम करणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हीच केबिन सांगेन. पण मुलाची सीट तिथे नीट बसत नाही आणि मोठ्या माणसाचे गुडघे पोटाशी येतात. तुझ्याबरोबर रोज दोन मदतनीस असतात. त्यांना तसं कोंबून नेणं मला पटत नाही. ती माणसं दिवसभर तुझ्यासाठी राबतात.

आता हौद्याची गोष्ट. डबल केबिनचा हौदा साधारण दीड मीटरचा, एक्स्ट्रा केबिनचा एक मीटर ८० सेंटिमीटरच्या आसपास, आणि सिंगल केबिनचा सव्वादोन मीटर किंवा थोडा जास्त. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तीच असते, त्यामुळे केबिन जेवढी मागे सरकते तेवढा हौदा कमी होतो. तुला वाटतं, पाऊण मीटर हौदा गेला म्हणजे धंदा गेला. पण तू काय वाहतेस ते एकदा कागदावर मांडून बघ. मी मांडलंय.

तुझा निम्मा माल माती आणि खत आहे. ओलसर माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल हौदा काठोकाठ भरलास तर सव्वा घनमीटरला थोडी कमी माती बसेल, म्हणजे दीड टनाच्या वर वजन. अशा गाडीची वजन वाहायची ताकद त्याच्या निम्मीच असते. लांब हौदा भरलास तर अडीच टन! म्हणजे मातीच्या बाबतीत आखूड हौदाही तुला पुरून उरतो. जागा संपायच्या आधी पाट्यांची ताकद संपते. लांब हौद्याचा धोका हाच की जागा शिल्लक दिसते, आणि भरणारा माणूस जागा बघून भरतो. मी बाजूला उभी असूनही कितीदा दोन पोती जास्त गेली आहेत.

वजनाचा हिशोब स्वतः कर, विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नकोस. गाडीचं मालासकट जास्तीत जास्त मान्य वजन कागदावर असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. समज, मान्य वजन २,९०० किलो आणि डबल केबिनची रिकामी गाडी २,०५० किलो. उरले ८५०. त्यात माणसंही आली! तू ६०, दोन मदतनीस १४०, छोटी आणि तिची सीट मिळून २५, म्हणजे २२५ गेले. मालाला राहिले ६२५. हीच गाडी सिंगल केबिनमध्ये दीडशे किलोनं हलकी धरली, तर तेवढा माल जास्त नेता येईल, हे मी लपवत नाही. रिकाम्या गाडीच्या वजनात काय काय धरलंय तेही विचार, कारण काही जण ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी त्यात धरूनच आकडा देतात, काही धरत नाहीत. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवताना इथेच फसगत होते.

६२५ किलो माती म्हणजे त्या दीड मीटरच्या हौद्यात जेमतेम एक वीत उंचीचा थर. दिसायला गाडी अर्धी रिकामी. मदतनिसांना हे आधीच सांगून ठेव, हौद्याच्या आत रंगानं रेघ मारून घे, आणि त्या रेघेवर माती जाऊ देऊ नकोस. मातीच्या दोन फेऱ्या कर. दीडशे किलो जास्त नेण्यासाठी छोटीला एअरबॅगपुढे बसवणं मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

रोपांचं उलटं आहे. ती हलकी, पण जागा खातात. तिथे आखूड हौदा अडवेल, मान्य. पण त्याला उपाय आहे: हौद्यावर दोन मजली जाळीची मांडणी. तू उंच रोपं क्वचितच नेतेस. बांबू आणि पाइप कुठल्याच हौद्यात मावत नाहीत, त्यांना केबिनच्या वरून जाणारी घोडी लागतेच. आणि २४४ सेंटिमीटरचं प्लायवुड सिंगल केबिनमध्येही बहुधा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडूनच न्यावं लागतं. जाताना मीटरपट्टी घेऊन जा आणि लांबीपेक्षा चाकांवरच्या दोन उंचवट्यांमधली रुंदी आधी मोज. तुझे रोपांचे ट्रे १२० सेंटिमीटरचे आहेत. ते खाली सपाट बसतात की उंचवट्यावर तिरके होतात, हे माहितीपत्रकात बघून कळणार नाही.

आखूड हौद्याचा एक दोष मात्र नीट समजून घे. केबिन लांबल्यामुळे हौद्याचा मोठा हिस्सा मागच्या चाकांच्या मागे येतो. समज, २०० किलोचा माल तू मागच्या धुरेच्या एक मीटर मागे, फाळक्याशी ठेवलास आणि दोन धुरांमधलं अंतर तीन मीटर आहे. तर पुढच्या चाकांवरचे जवळजवळ ६७ किलो उचलले जातात आणि मागच्या धुरेवर २०० ऐवजी २६७ पडतात. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. जड पोती नेहमी केबिनच्या भिंतीला टेकवून लावायची, रोपं मागे. उतरवायला पोती शेवटी आली तरी चालेल.

इंजिनाकडे येते. तू म्हणालीस, मोठं डिझेल घेतलं की चढावर काळजी नाही. खरंय, डिझेलला कमी फेऱ्यांवर ओढ असते. मिनिटाला २,००० फेऱ्यांना ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देणारं इंजिन आणि ४,००० फेऱ्यांना २०० देणारं इंजिन, दोन्हींची त्या क्षणाची ताकद सारखीच, ८४ किलोवॅट. फरक इतकाच की एक शांतपणे ओढतं आणि दुसऱ्याला गियर खाली घेऊन ओरडावं लागतं. रोज टनभर माल घेऊन लांब जाणाऱ्याला किंवा जड ट्रेलर ओढणाऱ्याला डिझेलच घ्यावं, त्यात मला शंका नाही. लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा जास्त असते आणि इंजिन ती जास्त चांगली वापरतं, म्हणून ॲव्हरेज चांगलं मिळतं.

पण तुझा दिवस कसा जातो? तीन किलोमीटर, थांबा. दोन किलोमीटर, थांबा. इंजिन गरम व्हायच्या आत बंद. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ न थांबता एकसारख्या वेगानं चालावी लागते. तुझ्या फेऱ्यांमध्ये ते होणार नाही. गाडी जाळायला सुरुवात करेल, तू किल्ली फिरवून बंद करशील, परत सुरुवात, परत बंद. बऱ्याच गाड्यांमध्ये या कामासाठी सोडलेलं जादा डिझेल मग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल मोजायची काडी काढून बघितलं तर ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलं म्हणून कुणी खूश होऊ नये. ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगं खातं. माझ्या जुन्या डिझेलला अशी जाळी नव्हती, म्हणून माझ्या अनुभवावरून तू डिझेल घेऊ नकोस. ती गाडी वेगळी होती.

तुझ्यासाठी लहान टर्बो पेट्रोल, आणि त्याच गाडीत हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली, मिळत असेल तर आधी हायब्रिड चालवून बघ. सारखं थांबत-निघत चालणाऱ्या गाडीला ब्रेकमधून परत मिळणारी वीज फार उपयोगी पडते. सरळ मोठ्या रस्त्यावर तो फायदा उरत नाही. फक्त त्या हायब्रिडची माल वाहायची मर्यादा वेगळी वाचून घे, बॅटरीचं वजन त्यात मोजलेलं असतं. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी सोय, सोडून दे. तुझ्या वाटा पक्क्या आहेत, आणि ते वजन मालातून जाईल.

चालवून बघायला जाशील तेव्हा रिकामी गाडी चालवून परत येऊ नकोस. रिकामी पिकअप सगळीच छान पळते. विकणाऱ्यांना सांग, दहा-बारा पोती घालून द्या, दोन्ही मदतनीस मागे बसू देत. चढावर थांबवून पुन्हा उचलायला लाव, उतारावर खालच्या गियरमध्ये सोडून बघ. मग छोटीची सीट मागे बसव आणि पुढची सीट तुझ्या उंचीला लावून बघ, क्लचपर्यंत पाय पोचतो का. मागे तोंड केलेली सीट पुढच्या सीटला पुढे ढकलते, आणि काही डबल केबिनमध्येही चालवणाऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. तसं होत असेल तर ती गाडी सोड, दुसरी बघ.

शनिवारी मी येतेच आहे. छोटीची सीट घरातून खाली आणून ठेव, पोत्यांचं मी बघते. गाडी बघायला आपण तिघी जाऊ, मागच्या सीटवर मी बसेन.

तुझी,
आई