पदपथांवरील बर्फ हटवणे हे पालिकेचेच काम: महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर महोदय,

सविनय नमस्कार विनंती विशेष.

बर्फवृष्टी थांबल्यावर काही तासांतच शहरातील मोठे रस्ते वाहतुकीसाठी मोकळे होतात, याबद्दल रात्रभर यंत्रे चालवणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत. मात्र त्याच रस्त्यांच्या कडेचे पदपथ पुढे कित्येक दिवस बर्फाखालीच राहतात, कारण ते साफ करण्याचे काम नियमाने लगतच्या घरमालकांवर आणि दुकानदारांवर सोपवलेले आहे. ही वाटणीच बदलावी आणि पदपथांची जबाबदारी पालिकेने स्वतःकडे घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

नियम कडक केल्याने हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. बोस्टन शहरात बर्फ थांबल्यापासून तीन तासांच्या आत किमान 42 इंच रुंदीची वाट मोकळी करणे मालकांवर बंधनकारक आहे. अमेरिकेतीलच मिनियापोलिस शहरात घरांसाठी ही मुदत 24 तासांची आहे. पण पदपथ सलग असेल तरच त्याचा उपयोग होतो. रांगेतील एका मालकाने जरी बर्फ तसाच ठेवला, तरी चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्या व्यक्तीसाठी ती संपूर्ण वाट बंद होते आणि तिला वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागते. मालक परगावी असतो, घर रिकामे असते, भाडेकरू आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय फावड्याने ओला, जड बर्फ उपसण्याचे श्रम हृदयविकार असलेल्यांसाठी खरोखर धोक्याचे असतात, हे डॉक्टर दर हिवाळ्यात सांगतात. अशा वृद्ध घरमालकाला दंड करून कोणाचे भले होणार? दंडाची कारवाई तक्रार आल्यावर होते, आणि तोपर्यंत बर्फ तुडवला जाऊन दगडासारखा घट्ट झालेला असतो.

यात पालिकेचाही एक दोष आहे आणि तो स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. रस्ता साफ करणारी यंत्रे बर्फ कडेला लोटतात, आणि चौकातील नेमक्या त्या उतारावर, जिथून पादचारी रस्ता ओलांडतो, त्या बर्फाचा बांध तयार होतो. एखाद्या घरमालकाने पहाटे उठून साफ केलेली वाट काही तासांत पुन्हा बुजते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला तर पदपथाची कड कोठे संपते, हेच त्या ढिगामुळे कळेनासे होते. बसथांब्यांचीही हीच अवस्था असते. प्रवाशांना त्या बांधावर चढून बसमध्ये पाय ठेवावा लागतो.

बर्फ पडल्यानंतरचे पहिले काही तास अतिशय महत्त्वाचे असतात. ताजा, भुसभुशीत बर्फ लहान यंत्राने सहज निघतो. तो तुडवला गेला, दुपारी थोडा वितळला आणि रात्री पुन्हा गोठला, की त्याचा गुळगुळीत थर होतो आणि मग तो वितळवण्यासाठी केवळ मिठावर भिस्त ठेवावी लागते. साधे मीठ उणे 10 अंश सेल्सियसच्या आसपास फारच मंद काम करते, आणि उणे 21 अंशांखाली तर मुळीच नाही. कॅल्शियम क्लोराइड हा बर्फ वितळवणारा दुसरा क्षार त्याहून कडक थंडीत चालतो, पण तो महाग असतो. शिवाय मिठातील क्लोराइड नष्ट होत नाही. ते झाडांच्या मुळांशी, ओढ्यांत आणि भूजलात साठत राहते. बर्लिनमध्ये नागरिकांना पदपथावर मीठ टाकण्यास बंदी आहे आणि तेथे बारीक खडी पसरली जाते. खडी वसंतात झाडून गोळा करावी लागते हे खरे, पण कितीही थंडी असली तरी तिच्यावर पायाला पकड मिळते. वेळेवर बर्फ काढला तर दोन्हींची गरज बरीच कमी होते, आणि तो वेळेवर, सर्व गल्ल्यांत एकाच वेळी काढण्याची क्षमता फक्त पालिकेकडे आहे.

ही अशक्य कोटीतील मागणी नाही. कॅनडातील मॉन्ट्रियलमध्ये पदपथ पालिकाच साफ करते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये चार इंच किंवा त्याहून अधिक बर्फ पडला की पदपथांवरून यंत्रे फिरवली जातात, अर्थात तेथे मालकांची जबाबदारीही कायम आहे. स्वीडनमधील कार्लस्कूगा या लहान शहराने 2011 च्या सुमारास कामाचा क्रमच उलटवला आणि पायवाटा व सायकलमार्ग मुख्य रस्त्यांच्या आधी साफ करण्यास सुरुवात केली. पायी आणि बसने जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असल्याने जुन्या क्रमाचा त्रास त्यांना अधिक होत होता, असे तेथील पाहणीत दिसले होते. मोटार थोड्या बर्फातून पुढे जाऊ शकते, बाबागाडी जाऊ शकत नाही. मला हा विचार निर्विवाद वाटतो. स्टॉकहोमनेही हे धोरण स्वीकारले, परंतु नोव्हेंबर 2016 मधील असाधारण बर्फवृष्टीत तेथील वाहतूक कोलमडली आणि धोरणावर मोठी टीका झाली. पुरेशी यंत्रे आणि माणसे नसताना नुसता क्रम बदलून भागत नाही, असा अर्थ मी त्यातून घेतो.

म्हणूनच माझी विनंती अशी आहे, की सर्व पदपथ एकाच वर्षी हाती घेणे शक्य नसल्यास रुग्णालये, शाळा आणि बसथांब्यांकडे जाणाऱ्या वाटा या हिवाळ्यापासून पालिकेने घ्याव्यात, आणि रस्त्याची यंत्रे गेल्यानंतर चौकांतील उतार मोकळे करण्यासाठी स्वतंत्र पथक नेमावे. पदपथांच्या लहान यंत्रांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद व्हावी. निवडलेल्या मार्गांची यादी आणि प्रत्येक मार्गाची मुदत पहिला बर्फ पडण्यापूर्वी नागरिकांसमोर यावी, म्हणजे ज्यांना घराबाहेर पडणेच अवघड असते, त्यांना आपली वाट कधी मोकळी होणार हे आधी कळेल.

कळावे,

आपला नम्र,
एक पादचारी नागरिक