काकू, मनापासून थँक्यू

काकू, फोनवर आभार मानायला गेले की गळाच भरून येतो, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

इकडे इंग्लंडमध्ये आमचं मंडळ छोटं, गणपती कम्युनिटी हॉलमध्ये बसवतो, पोरांची गाणी, ढोलकी, भजन. गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाला लायसन्स लागतं का विचारायला आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी नुसतं घाबरवलं. एप्रिल २०१५ पासून सूट आहे ना म्हटलं तर म्हणे तो काय खरा कायदा नाही, मंत्र्याने काढलेली ऑर्डर आहे, तिचा काय भरवसा, त्यापेक्षा फी भरा आम्ही लायसन्स काढून देतो. लोकांच्या वर्गणीवर डोळा ठेवून असं बोलायचं, मला अजून राग येतो.

तुम्ही ऑर्डरची प्रिंट काढून ठेवली होतीत, आणि टेबलापलीकडून उठून खुर्ची ओढत माझ्या शेजारी येऊन बसलात, दोघींना एकच पान सरळ दिसावं म्हणून. बाकीची माणसं कागद स्वतःकडे धरून मला ऐकवत होते हो, तुम्ही बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतलंत. सकाळी ८ ते रात्री ११, ५०० पर्यंत माणसं, हॉलकडे दारू विकायचं लायसन्स नसावं, हॉलवाल्यांची संमती हवी. एवढंच!

मग तो भरवशाचा प्रश्न. ही ऑर्डर ज्याच्याखाली निघाली त्या २००६ च्या कायद्याने मंत्र्याला जाचक नियम हलके करता येतात पण मोकळं रान नाही, लोकांना गरजेचं संरक्षण काढता येत नाही, आधी सल्लामसलत करायची, मग मसुदा पार्लमेंटपुढे ठेवायचा, आणि मंत्र्याने सोपी पद्धत सुचवली तरी पार्लमेंटची समिती ३० दिवसांत कडक पद्धत लावायला लावू शकते, सगळ्यात कडक पद्धतीत तर ६० दिवसांत आलेलं म्हणणं मंत्र्याला विचारात घ्यावंच लागतं. म्हणजे आमची सूट कोणाच्या लहरीवर मिळालेली नाही. आवाजाचा त्रास झाला तर शेजाऱ्यांचा तक्रारीचा हक्क तसाच आहे, हेही तुम्ही आठवणीने सांगितलंत.

माहितगार माणसं पुष्कळ भेटतात काकू, पण समोरच्याला अडाणी न ठरवता सांगणारी फार थोडी, आणि अशा माणसांमुळेच परक्या देशात धीर येतो.

हॉलवाल्यांचं संमतीपत्र आलंय. काकांना घेऊन आरतीला यायचंच, मोदकांचा डबा बांधून दिल्याशिवाय सोडणार नाही.