वरच्या मजल्यावरच्या काकूंना, त्यांच्या झाकणासह

प्रिय काकू,

तुमचे आभार तोंडावर मानायला आलो असतो, तर तुम्ही "बरं बरं, पुरे" म्हणत मला दारातूनच वाटेला लावलं असतं. म्हणून लिहितोय, तेही चारचौघांत. डबाबंद ट्यूना माशाशी झटापट करणारा मी काही एकटा नसेन.

त्या रात्री तुम्ही आलात त्या धुराची चौकशी करायला. तव्यावर माझं ट्यूना मेल्ट होतं, म्हणजे ट्यूना आणि वितळलेल्या चीजचं गरम सँडविच. ब्रेड खालून कोळसा, वर चीजची चकती जशीच्या तशी थंड, आणि बाजूने पांढुरकं पाणी वाहतंय. तुम्ही हसला नाहीत. (हसलात, पण नंतर.) "पाणी काढलं होतंस ना डब्यातलं?" मी ठामपणे हो म्हणालो. तुम्ही दुसरा डबा उघडायला लावलात, माझ्या पद्धतीने पाणी ओतू दिलंत, मग तो ट्यूना चाळणीत घेऊन चमच्याच्या पाठीने दाबलात. खालच्या वाटीत आणखी तीन चमचे पाणी! माझी तीन सँडविचेस त्याच पाण्याने बुडवली होती. पाणी तसंच राहिलं तर मेयोनीजही पातळ होतं, हे तेव्हा कळलं.

पुढचं तुम्ही मलाच करायला लावलंत. एका डब्याला दोन चमचे मेयोनीज, अगदी बारीक कांदा, सेलरी, थोडं लिंबू, मिरपूड. मी मिठाला हात घातला तशी तुम्ही बरणीच उचलून ठेवलीत. ट्यूना खारा, चीज खारं, वर आणखी मीठ कशाला? चीज किसून घ्यायला लावलंत आणि सारणाच्या खालीही पेरलंत, वरही. वितळलं की दोन्ही ब्रेड धरून ठेवतं, उलटताना सारण सांडत नाही. माझं जुनं, मुरलेलं चेडर मात्र बाजूला सारलंत, कारण तापल्यावर ते तेल सोडतं. महागाचं होतं, जरा वाईट वाटलं.

पण खरे आभार झाकणाचे. मी मोठ्या आचेवर उलथण्याने दाबत बसायचो. तुम्ही आच अगदी मंद केलीत, तव्यावर झाकण ठेवलंत आणि म्हणालात, "ट्यूना शिजलेलाच असतो रे, तुला फक्त चीज वितळवायचंय." तीन-चार मिनिटं मी तिथे नुसता उभा होतो. आत कोंडलेल्या वाफेने चीज वितळलं, आणि मग झाकण काढून ब्रेड पुन्हा कुरकुरीत केला. सुरी फिरवली तेव्हा करकर असा आवाज आला. माझ्या स्वयंपाकघरात हा आवाज पहिल्यांदाच!

आता आठवड्यातून एकदा करतो. ब्रेडला बाहेरून लोण्याऐवजी मेयोनीज लावतो. रंग एकसारखा येतो, आणि ही माझी भर आहे, तुमची नाही. उरलेलं सारण टिनात न ठेवता काचेच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतो आणि तीन दिवसांत संपवतो.

तुमचं झाकण अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देतो, खाली गरम सँडविच ठेवून.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा धूरवाला