पेसमेकर तपासणाऱ्या दादांना, सोलापूरच्या एका सुनेकडून

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही म्हणून. आमचंही राहू दे. पण वाचलंत तर लगेच ओळखाल. २०२४ चा एप्रिल, बाहेर नुसती आग ओतत होती, आणि तुमच्या खोलीच्या दारात पिवळी पिशवी छातीशी धरून बसलेले एक म्हातारे, ज्यांचा मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात, बरोब्बर पेसमेकरवर, आणि तो तुम्ही काही न बोलता काढून पँटच्या खिशात घातलात. ते माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. आठ वर्षं ते तसाच ठेवत होते मोबाइल, आणि इतक्या वर्षांत एकानं सांगितलं नव्हतं की बाबा तेवढा वीतभर लांब ठेवा म्हणून.

मामांचं अख्खं आयुष्य यंत्रमागावर गेलं. टॉवेल आणि चादरी. २०१६ ला मागाशेजारीच चक्कर येऊन पडले, नशीब की चालू मागावर नाही पडले, दवाखान्यात नेलं तर नाडी ३४. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला करंट खाली पोचतच नव्हता, खालचा कप्पा आपला आपल्या मनानं कसाबसा चालला होता. दोन वायरींचा पेसमेकर बसला आणि आठव्या दिवशी मामा चहा स्वतः करून प्यायला लागले. तेव्हा आम्हाला वाटलं झालं, सुटलो.

मग २०२२ पासून पाय सुजायला लागले. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. रात्री झोपले की दम लागायचा, एकाच्या दोन उशा झाल्या, दोनाच्या तीन, मग रात्री दोन-अडीचला उठून दारात पायरीवर बसून राहायचे. मी ज्या ठिकाणी तपासायला न्यायचे (नाव घेत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती) तिथं दर वेळी एकच, बॅटरी छान आहे, अजून पाच-सहा वर्षं बघायला नको. आणि वय झालं आता. लघवीची गोळी वाढवून मिळायची. मीठ कमी करा सांगायचे. सोलापुरात राहून शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाणाऱ्या माणसाला मीठ कमी करा म्हणणं सोपं आहे, करून दाखवा म्हणावं. तरी केलं आम्ही. पण पायऱ्या चढताना मामा थांबायचे ते थांबायचेच.

तुम्ही काय वेगळं केलंत हे मी खूपदा आठवून बघितलंय. तुम्हीही ते माऊससारखं गोल यंत्र छातीवर ठेवलंत, स्क्रीनवर रेघा आल्या, बॅटरी बघितलीत, वायरी बघितल्या. इथपर्यंत सगळे सारखेच. मग एका आकड्याशी थांबलात. खालच्या कप्प्यात ९९ टक्के पेसिंग. म्हणजे शंभरातले ९९ ठोके यंत्र देतंय. आणि माझ्याकडं वळून विचारलंत, "ताई, शेवटचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी केला?"

मी पिशवीतले सगळे कागद उलटेपालटे केले, रक्ताचे रिपोर्ट, औषधाची बिलं, मध्येच लाइटबिल पण निघालं. इकोचा कागद एकच होता. २०१६ चा. ईएफ ५८, म्हणजे डाव्या कप्प्यातल्या शंभर भाग रक्तातलं ५८ भाग दर ठोक्याला बाहेर ढकललं जात होतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. उठून डॉक्टरांकडं गेलात. दुपारी इको झाला आणि ईएफ २८ आली.

दादा, तो एक प्रश्न. आठ वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता, कारण इको हा नेहमी करायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं, मला वाटायचं बॅटरी चालू म्हणजे माणूस चालू.

त्यानंतर तुम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलात, ईसीजीचा कागद मांडीवर घेऊन. मी डॉक्टर नाही, काय करायचं ते डॉक्टर सांगतील, पण झालंय काय ते समजून घ्या म्हणालात. एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. निरोगी माणसाचा खालच्या कप्प्याचा ठोका तीन बारीक चौकोनांच्या आत संपतो. मग पेनाचं टोक ठेवून मामांचे चौकोन मोजलेत, मोठ्यानं, मामा पण सोबत मोजत होते. साडेचार भरले. म्हणजे १८० मिलिसेकंद. कारण वायर उजव्या कप्प्यात, करंट तिथून निघतो आणि हृदयाच्या स्वतःच्या मेन रोडनं न जाता गल्लीबोळातून स्नायूस्नायूनं हळूहळू डावीकडं पोचतो, तोवर उजवी बाजू आवळून मोकळी झालेली असते. डावा कप्पा मागाहून आवळतो. आणि डाव्याकडंच तर खरं काम असतं, अख्ख्या अंगाला रक्त तोच ढकलतो.

मामा एवढा वेळ गप्प होते, ते एकदम बोलले, "म्हंजे एकीकडचा मार येळेवर आन् दुसरीकडचा उशिरा. कापड वाकडंच येणार की ओ." आणि तुम्ही हसून म्हणालात, काका, मला पण इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. त्या दिवशी मामा कितीतरी महिन्यांनी ताठ बसलेले बघितले मी.

मला मात्र राग आला होता, खरं सांगते. ज्या यंत्रानं वाचवलं त्यानंच हृदय दमवलं म्हणजे आम्ही काय समजायचं? तुम्ही म्हणालात, ताई, २०१६ ला ते बसवलं नसतं तर आज मोजायला काका नसते. आणि सगळ्यांना असं होत नाही, बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं नीट चालतं, ज्यांना होतं त्यांचं इको करून वेळेत कळतं. बास. तेवढ्यावर माझा राग निवला. तेव्हा लगेच नाही, घरी येईपर्यंत.

मग रात्री मी मोबाइलवर वाचत बसले, मुलीची परीक्षा चालू होती, ती अभ्यास करायची आणि मी पण. कॉमर्सची माणूस मी, निम्मं डोक्यावरून गेलं, पण एवढं कळलं की ही शंका डॉक्टर लोकांना आधीपासून होती. २००२ मध्ये डेव्हिड नावाचा अभ्यास झाला, ५०६ माणसं, सगळ्यांना धोक्याच्या वेळी हृदयाला शॉक देणारं यंत्र बसवलेलं, पेसिंगची तशी गरज नसलेली. ज्यांच्यात यंत्र सारखं पेस करत होतं त्यांचं, ज्यांच्यात ते गप्प बसून नुसती राखण करत होतं त्यांच्यापेक्षा वाईट झालं. जास्त मदत म्हणजे चांगली मदत नव्हे, असं. (हे घरात सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे आम्हाला सुना आल्यापासून ठाऊक आहे.) मग २००५ चा केअर-एचएफ, ८१३ रुग्ण, दोन्ही कप्प्यांना एकदम ठोका देणारं सीआरटी नुसत्या औषधांपेक्षा सरस ठरलं, मृत्यू सुद्धा कमी झाले. आणि २०१३ ला उलटा धडा पण मिळाला, ज्यांचा ठोका मुळात अरुंद आहे, १३० मिलिसेकंदाच्या आतला, त्यांना सीआरटी बसवून फायदा तर नाहीच, उलट त्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणजे चौकोन मोजणं हा काही टाइमपास नव्हता तुमचा.

आणि आमच्या मामांसारख्यांवरच, म्हणजे जुना पेसमेकर आहे आणि हृदय ढिलं पडलंय, अशांवर बुडापेस्टवाल्यांचा अभ्यास, २०२३ चा. तुम्ही आम्हाला भेटलात तेव्हा तो छापून आल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. ३६० माणसं. एका गटाला नुसतं शॉकवालं यंत्र, दुसऱ्याला डावी वायर वाढवून सीआरटी. वर्षभरात हार्ट फेल्युअरनं ॲडमिट होणं किंवा मृत्यू, पहिल्या गटात शंभरातले ३२, दुसऱ्यात १०. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारला. डॉक्टर म्हणाले कुणी सांगितलं, मी म्हटलं वाचलं. तुमचं नाव सांगितलं नाही हं.

वाचता वाचता एका पेपरवर देशमुख आडनाव दिसलं! २००० सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला, प्रमोद देशमुख. हृदयाची जी मूळ वायरिंग असते, हिस बंडल म्हणतात तिला, थेट तिथंच वायर टोचून पेसिंग करायचं, म्हणजे गल्लीबोळ नकोच, मेन रोडवरच गाडी घाला. नंतर २०१७ ला चीनमधल्या डॉक्टरांनी त्याच वायरिंगच्या डाव्या फांदीजवळ टोचायची पद्धत दाखवली, ती आता बरेच ठिकाणी करतात. आमच्या डॉक्टरांनी दोन्हीचा विचार करून हृदयाच्या डाव्या बाजूच्या शिरेत तिसरी वायर घालायचं, म्हणजे सीआरटीच करायचं ठरवलं, ते मी त्यांच्यावर सोडलं. पण देशमुखांचा पेपर मामांना दाखवला तर मामा म्हणाले, "बघ, आपलं माणूस." खात्री कशी केली त्यांनी देव जाणे.

पैशाचं लिहीत नाही, उभे केले सगळ्यांनी मिळून. ऑपरेशन झालं. आणि दुसऱ्या दिवशी उचकी सुरू झाली. उचकी म्हणजे साधी नाही, पोट ठोक्याठोक्याला उडायचं, झोपले की जास्त. नातेवाइकांनी भरलेली खोली, प्रत्येक जण म्हणतोय कुणीतरी आठवण काढतंय, मग गावाकडच्या बहिणीचं नाव घेऊन बघा, मेलेल्या मित्राचं घेऊन बघा, साखर खायला द्या. मामा घाबरले, वायर सुटली म्हणाले. मी तुम्हाला फोन केला, संध्याकाळचे साडेसात, तुम्ही ट्रेनला निघाला होतात, स्टेशनातून रिक्षा करून परत आलात. ते गोल यंत्र ठेवलंत, म्हणालात डाव्या वायरीचा करंट पडद्याच्या नसेला लागतोय, श्वासाचा पडदा उडतोय. वायरीच्या टोकाला चार ठिपके असतात, त्यातला दुसरा निवडू. दोन-तीन बटणं दाबलीत. पोट थांबलं. खोलीत एकदम शांत झालं आणि मामांची बहीण म्हणाली, माझं नाव घेतल्यावरच थांबली.

तुमची ट्रेन गेली त्या दिवशी. घरी या जेवायला म्हटलं तर नको म्हणालात, स्टॅण्डवरून बस धरतो. रात्रीच्या बसनं अवघडून गेला असाल ते मला अजून टोचतं.

तुम्ही सांगितलेली दुसरी गोष्ट मामा आता प्रत्येकाला सांगतात, १९५८ ची, स्वीडनमधल्या आर्ने लार्सनची. शरीरात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस, बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलेलं ते यंत्र, आणि काही तासांतच बंद पडलं. पण माणूस पुढं ८६ वर्षांचा होऊन २००१ ला गेला, वीसच्या वर यंत्रं बदलून, आणि गेला तो पण हृदयानं नाही. मामा म्हणतात माझं तर दुसरंच चाललंय, अजून लई शिल्लक आहेत.

आता सांगते कसं चाललंय. सहा महिन्यांनी ईएफ ४१ झाली. उशी एक. रोज सकाळी वजन करून मी कॅलेंडरवर लिहिते, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा हे तुमचंच. कंबर तलावाला अर्धी फेरी मारतात, अर्धी बसून गप्पा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेले, मेटल डिटेक्टरच्या दारातून जायचं की नाही म्हणून पोलिसांशी वाद घालून, थांबायचं नाही फक्त चालत जायचं असतं हे त्यांनीच पोलिसांना समजावलं. मोबाइल पँटच्या खिशात. मागच्या तपासणीत तुमच्या जागी दुसरे कुणी आले होते, त्यांनी ९८ टक्के पेसिंग आहे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, मग आठवलं की आता जास्त असलेलंच चांगलं, आता दोन्ही बाजूंनी चाललंय. तरी मी त्यांना विचारलंच, इको कधी करायचा? ते जरा बघतच राहिले माझ्याकडं.

मामांनी एक चादर काढून ठेवलीय. त्यांच्या हातची, काम सोडलं त्या वर्षीची, सासूबाईंनी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलेली, त्यामुळं वास येईल थोडा, उन्हात टाका. नोव्हेंबरात पुढची तारीख आहे. त्या दिवशी तुमची ड्युटी लागली तर बरं होईल, आणि ट्रेन रात्रीची काढा. शेंगा चटणी दोन डब्यांत करते मी हल्ली, तुम्हाला मीठवाल्यातली देईन.