सगळे ख्रिस्ती एका माळेचे मणी नव्हेत

महोदय,

ख्रिस्ती माणूस बायबलाखेरीज काहीच प्रमाण मानत नाही, असे सरसकट विधान रविवारच्या पुरवणीतील लेखात आहे. प्रोटेस्टंटांपुरते ते ठीक. पोप आणि धर्मसभाही चुकल्या आहेत, असे 1521 मध्ये जर्मनीतील वर्म्सला सम्राटासमोर सांगून प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर शास्त्रवचनावर अडून बसला. कॅथलिकांनी मात्र 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत चर्चच्या परंपरेलाही ग्रंथाइतकाच मान दिला. आणि बायबलातल्याच थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (2:15) तोंडी शिकवणही घट्ट धरा, असे सांगितलेच आहे की! श्रुती मोठी की रूढी, यावर आम्ही इंदूरकर मराठी मंडळी गणेशोत्सवाच्या मांडवातही हुज्जत घालतो; मग शेजाऱ्याच्या धर्माबद्दल एवढी ढिलाई का? मुळात बायबलात कोणती पुस्तके घ्यायची, याची यादी बायबलात नाही. लेखकाने निदान या प्रश्नाला हात घालायला हवा होता.

— एक वाचक, रामबाग, इंदूर